सोनं म्हणजे लोभ? मग खाण बंद पडली त्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपला पेपर बरीच वर्षं वाचतोय, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय आणि तेही मोबाइलवर, त्यामुळं शुद्धलेखनाचं तेवढं तुम्ही बघून घ्या. झालं असं की माझी पुतणी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी घेतलंय, परवा तिचा टेस्टचा पेपर सहज हातात आला. प्रश्न अण्णा भाऊ साठेंच्या ‘स्मशानातील सोनं’ कथेवर होता, सोनं या प्रतीकाचा अर्थ सांगा, मार्क पाच. पोरीनं दीड पान लिहिलंय आणि मिळालेत दोन. शेजारी लाल पेननं, ‘सोनं = लोभ. भीमा = लोभी. संघर्ष = माणूस विरुद्ध स्वतःचा लोभ.’ हे कुठनं आलं विचारायची गरजच नाही, गाईडची तीच पीडीएफ अख्ख्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतीय.

आता मी काय साहित्यातला माणूस नव्हे. आम्ही विट्याकडचे, गलाईवाले. खानापूर-आटपाडीकडं गलाई म्हणजे काय हे सांगावं लागत नाही पण बाकीच्यांसाठी सांगतो. मी स्वतः 19 वर्षं कोईमतूरला गलाईच्या दुकानात काढली. सोनार कानस मारतो तेव्हा कीस उडतो, भट्टीच्या राखेत कण राहतात, दुकानाच्या केरात राहतात, ती राख आणि केर विकत घ्यायचा, पाण्यात धुवायचा, हलकं वरनं जाऊ द्यायचं, जड तळाला बसतं ते मुशीत घालून वितळवायचं. भेसळीचं सोनं असेल तर त्यात आधी चांदी मिसळायची आणि मग तेजाबात उकळायचं, चांदी विरघळून जाते आणि सोनं खाली बसतं, पण ते दिसतं कसं, तर चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. नवीन पोरगं असलं तर फेकून देईल. चमक येते ती पुन्हा वितळवल्यावर.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे ती कथा मी पहिल्यांदा कोईमतूरलाच वाचली, दुकानाच्या माळ्यावर झोपायचो तिथं. वारणेकाठचा दांडगा गडी भीमा, गावात काम नाही म्हणून मुंबईला जातो, तिथंही काम नाही, शेवटी लांब उपनगरात दगडाच्या खाणीत काम मिळतं, थोडे दिवस बरे जातात आणि खाण बंद पडते. घरी जाताना ओढ्याकाठी प्रेताच्या राखेत त्याला अंगठी सापडते. मग तो राख चाळायला लागतो आणि पुढं पुढं पुरलेली प्रेतं उकरायला लागतो. लोकांना इथं अंगावर काटा येतो म्हणे. मला खरं सांगू का, राख चाळण्यापर्यंत काटा वगैरे काही आला नाही, मला माझ्या चुलत्याचे हात दिसले, कोपरापर्यंत राखेत. ते काम आहे हो. भीमा तिथं कामाला गेल्यासारखाच जातो. आमच्या राखेला मालक होता, पावती होती, त्याच्या राखेला नव्हती.

लोभी माणूस खाणीत दगड फोडायला जाईल का, हा साधा प्रश्न त्या गाईडवाल्याला पडला नाही. कथेत पहिल्यांदा जातं ते काम, सोनं त्याच्या नंतर येतं. हा क्रम उलटा केला की मगच लोभाचा अर्थ निघतो.

आणि शेवट बघा. एका सावकाराला दागिन्यांसकट पुरलंय असं कळतं, रात्री भीमा तिथं जातो तर कोल्ह्यांनी आधीच उकरायला घेतलेलं, त्यांच्याशी झटापट होते, नंतर प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात आणि त्यात हाताची दोन बोटं जातात. आणि मग बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. एवढा दांडगा गडी लहान पोरासारखा रडतो. दगड फोडणाऱ्याला घण धरायला बोटं लागतात, हे कुणी समजावून सांगायला पाहिजे का? पुतणीनं नेमकं हेच लिहिलं होतं, की माझ्या मते या कथेतलं मोठं प्रतीक सोनं नाही, बोटं आहेत. तिथं सरांनी लाल प्रश्नचिन्ह काढलंय.

संघर्षाचंही तसंच. गाईडला संघर्ष म्हटलं की ‘विरुद्ध’ हा शब्द लागतो. पण भीमा कुणाविरुद्ध भांडणार? खाण बंद करणारा माणूस कथेत समोर येतच नाही. मग भांडण होतं कुणाशी, तर कोल्ह्यांशी, म्हणजे त्याच्यासारखाच भुकेनं त्याच थडग्याशी आलेला प्राणी. बायको भुताची भीती घालते तर तो म्हणतो खरी भुतं गावात राहतात, मसणात नाही. असा माणूस शेवटी प्रेताच्या तोंडात हात अडकल्यावर घाबरतो, तर तो स्वभाव किती बारकाईनं लिहिलाय. ‘भीमा = लोभी’ मध्ये हे कुठं बसवायचं?

पुतणीचंही सगळं मला पटलं नाही, तिनं पुढं लिहिलंय खाण म्हणजे भांडवलशाही. मी तिला म्हटलं, अगं तूही ‘=’ हेच चिन्ह काढलंस की, फक्त चांगल्या शब्दापुढं. खाण आधी खाण असू दे. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, 1920 चा जन्म, ते स्वतः पोट भरायला मुंबईला गेले, गिरणीत राबले. त्यांना खाण ही खाण म्हणूनच माहीत असणार. ती माझ्यावर दोन दिवस रुसली होती.

त्याच पीडीएफमध्ये फ्रेंच लेखक मोपासाँच्या 1884 सालच्या ‘नेकलेस’ कथेचंही असंच केलंय, ‘हार = खोटा दिखावा’, झालं, संपलं. अहो त्यात एक जागा आहे ती वाचून मी गादीवर उठूनच बसलो होतो. मातिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार घालून नाचाच्या पार्टीला जाते, हार हरवतो, नवराबायको रिकामी डबी घेऊन डबीवर नाव असलेल्या सराफाकडं जातात. तो वह्या बघून सांगतो, हार आम्ही विकलेला नाही, फक्त डबी आमची असावी. आमच्या धंद्यातला कुठलाही माणूस इथंच थांबेल, डबी एकाची आणि माल दुसऱ्याचा म्हणजे काहीतरी गडबड आहे. पण ती दोघं घाबरलेली, पुढं जातात, 36,000 फ्रँकचा तसाच हार घेऊन परत करतात, दहा वर्षं कर्ज फेडतात, आणि शेवटी कळतं मूळचा फार तर 500 फ्रँकचा होता. लेखकानं डबी आधीच हातात देऊन ठेवली होती. वाचणाऱ्याच्याही लक्षात येत नाही, मग मातिल्दला नुसतं उथळ बाई म्हणून नावं कशाला ठेवायची? मला तर तिची आठवण येते ती जिन्यावरनं पाण्याच्या बादल्या वर नेताना, मजल्यामजल्यावर दम खायला थांबणारी.

सरांना तरी किती बोलायचं, पेपरांचा गठ्ठा आणि वर सिलॅबस संपवायचं. पण तुमच्या पुरवणीत दहावी-बारावीच्या नोट्स छापता त्या जागेत महिन्यातनं एकदा नुसती एक जुनी कथा अख्खी छापा, खाली अर्थ न देता. पोरं वाचतील, भांडतील, चुकतील.

पुतणी म्हणते टेस्टला रिचेकिंग नसतं काका. आणि पत्रात माझं नाव घालू नका, कॉलेजचं तर अजिबात नको, सरांचा पुढचा पेपर 20 तारखेला आहे.

आपला एक वाचक,
विटा, जि. सांगली