तंबूची खुंटी आणि शेगडी

संपादक महाशय,
तापोळा, बामणोली परिसरात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तंबू आणि लाकडी खोल्यांचे मुक्काम वाढले आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर तंबू ठोकतात. हा गाळ वरून भेगाळलेला दिसतो, पण वीतभर खाली ओलाच असतो. वीतभराची खुंटी त्यात धरत नाही. वळवाचा पहिला झोत आला की ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. तिथे हातभर लांबीची खुंटी तंबूपासून बाहेर कलती ठोकावी, नाहीतर दोरीला दगडांचे पोते बांधून ते पुरावे. दार पाण्याकडे ठेवू नये. वारा आत शिरून तंबू फुगतो. फोटो चांगला येतो, हे मान्य!

थंडीत याहून मोठा धोका शेगडीचा. बंद तंबूत किंवा खोलीत कोळसे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला जागही येत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे आत घेतात, तीच चूक. शेगडी बाहेरच विझवावी, आत जादा रजया द्याव्यात. परवाना देताना एवढे तरी तपासले जावे.

– एक वाचक, सातारा