साकवापलीकडची वाट : एका निवृत्त भूकरमापकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या नववीच्या वर्गाला नकाशे शिकवायला चार शनिवार दिलेत, पण शाल-श्रीफळ घ्यायला ठाम नकार दिलात. म्हणून हे आभार असे जाहीरपणे मानत आहे.

पहिल्या शनिवारी आपण संगणक सुरूच करू दिला नाही. जमीन मोजायची 33 फुटांची शंकू साखळी मैदानात पसरून, तिच्या लांबीएवढ्या बाजूंचा चौरस म्हणजे एक गुंठा, हे मुलांना चालायला लावून पटवलेत आणि मगच गावनकाशा उलगडलात. त्यात सर्व्हे नंबर होते, ओढा होता, गावठाण होते. ओढ्यापलीकडची कातकरीवाडी मात्र नव्हती, कारण ती दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेली आहे. वाडीतली आमची विद्यार्थिनी नकाशावर बोट फिरवीत राहिली, तेव्हा आपण सारवासारव केली नाहीत. हा नकाशा जमिनीच्या हिशेबासाठी काढलेला आहे, त्यात कोण राहते हे त्याने कधी विचारलेलेच नाही, असे आपण सरळ सांगितलेत.

पुढे क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत प्राथमिक शाळेभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, वाडी त्यात आली आणि मला हायसे वाटले. आपण मात्र शिक्षण हक्काचे 2010 चे केंद्रीय नियम काढून, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी सांगितलेले एक किलोमीटर हे चालत जाण्याचे अंतर आहे, हे दाखवलेत आणि त्या मुलीला, तिसरीतल्या भावाला शाळेत सोडताना, फोनवर वाट नोंदवायला सांगितलेत. ओढ्यावरच्या साकवावरून, म्हणजे छोट्या पायपुलावरून, गेले तरच ती वाट किलोमीटरात बसते. साकव पाण्याखाली गेला की रस्त्याच्या पुलाला वळसा घालावा लागतो आणि अंतर कितीतरी वाढते. त्या मुलीच्या जुलैतल्या उशिराच्या नोंदी हजेरीपटावर माझ्याच हस्ताक्षरात आहेत.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष वाट यांत अंतर असते हे कळले, तेव्हापासून महाडचा सत्याग्रहही मी वेगळा शिकवते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये केला, महाड नगरपालिकेनेही नंतर तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह चवदार तळ्यापर्यंत चालत जावे लागले. हे मुले आता नकाशा समोर ठेवून वाचतात.

सर्वांत मोठे ऋण मात्र आपण जे करू दिले नाहीत, त्याचे आहे. ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर साकव आणि पायवाट घालू दिलीत, पण वाडीतली घरे नाही. जागा ज्यांच्या नावावर नाही, त्यांची घरे जगाला दाखवायची की नाही हे त्यांनीच ठरवायचे, असे म्हणून आपण मुलांना आधी वाडीत बसून विचारायला पाठवलेत. उत्साहाच्या भरात मला ते सुचले नसते.

यंदा पावसाळ्यात साकव किती दिवस बंद राहतो, याची नोंद मुले ठेवणार आहेत. आपण एकदा यावे. साखळीला मुलांनी तेल लावून ठेवले आहे.

आपली नम्र,
भूगोलाची शिक्षिका, रायगड जिल्हा