किल्ल्यामागची जागा

मालवण, २० मे

प्रिय सुध्या,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील तर तुझं बरोबरच आहे. आईचे गुडघे तसेच, बाकी सगळी बरी.

परवाच्या होडीवाल्यांच्या बैठकीत मी तुझंच वाक्य बोललो. तेव्हापासून आबादादा माझ्याशी बोलत नाही.

२०११ चा जानेवारी आठव. आपण फुकेतला पोचलो आणि थायलंड सरकारने ७ सागरी उद्यानांतल्या १८ डाइव्हच्या जागा बंद केल्या. आदल्या उन्हाळ्यात पाणी तापून कोरलने अंगातलं शैवाल टाकून दिलं होतं, सगळं पांढरंफटक. सिमिलनच्या सात नंबर बेटाची पूर्वेकडची बाजूही त्यात गेली. केवढा तणतणलो होतो मी! आपण उतरलो नाही म्हणून समुद्र थंड होणार आहे का? तू म्हणालास, "तापाने फणफणलेल्या माणसाच्या खाटेवर पाहुण्यांनी जाऊन बसायचं का?" दोन दिवस अबोला. मग बोटीत तुला उलट्या सुरू झाल्या, बादली मी धरली आणि तह झाला. (बोट अजून धक्क्यालाच बांधलेली होती, हे वहिनीला सांगितलंस का?)

आता आपली सिंधुदुर्ग किल्ल्यामागची डाइव्हची जागा. सुट्टीत होडीला होडी लागते. पोहता न येणारा पाहुणा, त्याला धरून खाली नेणारा पोरगा, व्हिडिओत मासे यावेत म्हणून चुरलेला पाव. पाहुणा घाबरला की पाय झाडतो, आणि पायाखाली कोरलच असतं. नांगरांचं तर विचारूच नको. गेल्या आठवड्यात परातीएवढा तुकडा उलथलेला दिसला. मी सुलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलथा.

म्हणून म्हटलं, ही एकच जागा दोन हंगाम सोडूया, बाकीच्या ठिकाणी नांगराऐवजी होड्या बांधायला तरंगते बोये लावूया. आबादादा उठला, "पाणी तापला तर तेका आमी काय करतलंव?" माझंच २०११ चं वाक्य, सुध्या! कोणी म्हणालं, पावसात तीन महिने बंदच असतं. अरे, गढूळ पाणी आणि गाळ ही कोरलची सुट्टी आहे का?

मी थायलंडच्या माया बेचं, त्या प्रसिद्ध खाडीचं सांगितलं. जून २०१८ मध्ये चार महिन्यांसाठी म्हणून बंद केली, उघडली जानेवारी २०२२ मध्ये. काळ्या टोकाच्या परांच्या मोऱ्या, म्हणजे शार्क, उथळ पाण्यात परत आल्या. आता होड्या मागच्या बाजूला लागतात, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर पुन्हा बंद. पोरं ऐकत होती. मग एकाने विचारलं, "आमचो हप्तो कोण भरतलो?" त्याने गेल्या वर्षीच कर्ज काढून होडी आणि कॉम्प्रेसर घेतलाय. मला उत्तर देता आलं नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे, पण तो शब्द काढला की आधी मासेमारी बंद होईल ही भीती उभी राहते. म्हणून हे वरून यायला नको, आमच्यातूनच यायला हवं. बंद जागेच्या होड्यांना बाकीच्या जागांवर पाळीने फेऱ्या देता येतील का, याचा हिशेब रोज रात्री मांडतोय. अजून जुळत नाही. तुझं डोकं असल्या हिशेबात चालतं.

तुझ्या बदलीचं कळलं, घर मिळालं का? छोटीला पोहायला घातलंस, फार बरं केलंस.

तुझ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये आपल्या पहिल्या वर्षाचे किल्ल्यामागचे फोटो असतील. सगळे पाठव, धूसर आलेलेसुद्धा. रविवारी पुन्हा बसतोय. आबादादाला तेच दाखवायचे आहेत. त्यातल्या निम्म्या फोटोंत तो स्वतः आहे.

तुझा,
नंदू