बंद लॅबमधले संगणक तसेच नेटला जोडू नका: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शाळांतील बंद पडून असलेले जुने संगणक पुन्हा इंटरनेटला जोडण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेट या केंद्राच्या फायबर योजनेतून ब्रॉडबँड देण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. चांगलंच झालं. मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं काम करतो. फायबर शाळेच्या भिंतीपर्यंत पोचली की मला फोन येतो आणि त्यातलं वाक्य ठरलेलं असतं: "नेट आलंय, आता ती आयसीटी लॅब तेवढी चालू करून द्या."

ही लॅब म्हणजे शाळेतली संगणक शिकवण्याची खोली, करारावर एका कंपनीनं पाच वर्षं चालवून शाळेच्या ताब्यात दिलेली. करार संपला, संगणक शिकवणारे निदेशक घरी गेले, खोलीला कुलूप लागलं. आतल्या यंत्रांवर विंडोज एक्सपी, नाहीतर विंडोज ७. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीकडे ८ एप्रिल २०१४ ला पाठ फिरवली, ७ कडे १४ जानेवारी २०२० ला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं. त्यानंतर उघडकीला आलेली सुरक्षेतली भोकं या संगणकांत जवळपास सगळी तशीच आहेत.

गंमत अशी की यातले बरेच संगणक चालू होतात. धूळ काढायची, रॅम खोडरबरानं पुसून परत बसवायची, की स्क्रीनवर चित्र येतं आणि शिक्षक टाळ्या वाजवतात. खरी गडबड पुढे आहे. मदरबोर्डवरचा सेल कधीच मेलेला असतो, त्यामुळे संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. तारीख चुकली की प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, त्याला अवैध वाटतं आणि ब्राउझर धोक्याची पाटी लावतो. सेल बदलून तारीख लावली तरी पाटी पूर्ण जात नाही, कारण ही ओळखपत्रं ज्यांच्या आधारावर तपासायची ती संगणकातली मूळ प्रमाणपत्रंही जुनी झालीत. असंख्य संकेतस्थळं ज्याच्या आधारावर चालत, असं एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. मग सर त्या पाटीवरचं "तरीही पुढे जा" हे बटण शोधून काढतात. आठवडाभरात सातवीच्या पोरांनाही ते पाठ होतं.

अपडेट करावं म्हटलं तर एक्सपीच्या अपडेटला पलीकडून उत्तरच येत नाही. क्रोमनं एक्सपीला २०१६ मध्ये सोडलं, विंडोज ७ ला २०२३ मध्ये. म्हणून कोणीतरी जुन्या ब्राउझरवरच "क्रोम फ्री डाउनलोड" शोधतो आणि भलत्याच ठिकाणाहून एक फाइल उतरवतो. तिच्यासोबत आणखी तीन नको ती सॉफ्टवेअर येतात. त्या शाळेवर कोणी हॅकर टपून बसलेला नसतो. त्याची गरजही पडत नाही.

भीती वाढवून सांगायची नाही. २००४ च्या सुमारास अपडेट नसलेला विंडोज संगणक उघड्यावर नेटला जोडला, तर सरासरी २० मिनिटांत त्याला लागण होते, असा अंदाज सुरक्षा अभ्यासकांनी मांडला होता. आज मध्ये राउटर असतो, बाहेरून थेट घुसणं पूर्वीइतकं सोपं नाही. पण त्याच राउटरवर मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा संगणकही असतो. मुलांच्या आणि शाळेच्या नोंदींचं सरल, यू-डायस प्लस, अपार आयडी, शिक्षकांच्या पगाराचं शालार्थ, सगळं सरकारी काम त्याच्यावर. मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल, शिष्यवृत्तीची बँक खाती एक्सेलच्या फायलींत डेस्कटॉपवरच पडलेली. आणि लॅबमधलं यंत्र कोरं नसतं. ज्याला आम्ही सरसकट "शॉर्टकट व्हायरस" म्हणतो तो, किंवा २००८ सालचा, पेनड्राइव्हनं आणि लॅबच्या अंतर्गत जाळ्यावरून पसरणारा कॉन्फिकर हा व्हायरस, कुलूप लागलं त्या दिवशी जिथे होता तिथेच बसून आहे. वीज आली की तो शेजारी कोण आहे ते शोधायला लागतो.

"जुना म्हणून धोका" एवढ्यावरही थांबू नये. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत तपासण्या रद्द झाल्या, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. बाधित यंत्रांपैकी बहुतांश एक्सपी नव्हतीच, विंडोज ७ होती. ७ ला तेव्हा अपडेट मिळत होते आणि तो ज्या भोकातून शिरला त्याचं ठिगळ, म्हणजे ते बुजवणारं अपडेट, दोन महिने आधीच आलं होतं. फक्त ते लावलेलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात तेच भोक वापरणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसनं न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प केलं. म्हणजे दोन वर्षं कपाटात पडलेला विंडोज १० चा लॅपटॉपही याच रांगेत येतो. त्या विंडोज १० चाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर अडकले. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारनंच संसदेत दिलं. एम्सची ही गत, तर एका राउटरवरच्या शाळेचं काय बोलायचं?

मुख्याध्यापकांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. संगणक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत आहेत. निर्लेखन करायचं, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकायचे तर प्रस्ताव, समिती, मंजुरी, आणि वर्षानुवर्षं उत्तर नाही. टाकता येत नाहीत, तपासणीला आलेले साहेब "बंद का?" विचारतात. मग जोडून टाकणं हाच सोपा मार्ग उरतो.

मार्ग फार खर्चाचा नाही. जी यंत्रं दोन जीबी रॅमवर का होईना धड चालतात, त्यांच्या डिस्क आधी पूर्ण पुसा आणि त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची अजून अपडेट मिळणारी हलकी आवृत्ती टाका. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं "काइट" या सरकारी संस्थेच्या लिनक्सवर शिकवत आहेत. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेची "बॉस" ही लिनक्स आहे. मराठी टायपिंग, जिओजेब्रा, स्क्रॅच यांना रोज नेट लागतच नाही, त्यामुळे निम्म्या लॅब वायर न लावताही उत्तम चालतील. वायर लावायचीच असेल तर लॅबचं जाळं कार्यालयापासून वेगळं ठेवा. बऱ्याच राउटरमध्ये ती सोय असते, कोणी चालू करत नाही इतकंच. जी यंत्रं कामातून गेलीत त्यांचं निर्लेखन ठरावीक मुदतीत करून ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या, पण हार्ड डिस्क काढून, नष्ट करून मगच. भंगारात गेलेल्या सीपीयूत शाळेची अख्खी पटनोंदणी मी पाहिली आहे.

यासाठी एक पानाचं परिपत्रक काढा, एवढीच विनंती. त्यात "मुख्याध्यापकांनी आपल्या स्तरावर कार्यवाही करावी" हे वाक्य मात्र कृपया नसावं. त्या स्तरावर संगणकातलं कळणारा माणूस करारासोबतच गेला. गटसाधन केंद्रातल्या एखाद्या तांत्रिक कर्मचाऱ्यानं लॅब पाहून सही केल्याशिवाय इंटरनेट कंपनीच्या माणसानं तिथे वायर ओढू नये, असं त्यात लिहा, आणि त्या कर्मचाऱ्याला प्रवासभत्ता द्या.

आपला नम्र,
तालुक्यातला एक संगणक दुरुस्ती कारागीर