चांदी आली, पण स्पेनमध्ये टिकली कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या लुटीवर अख्खा युरोप गब्बर झाला, अशा आशयाचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. लूट झाली, याबद्दल वाद नाही. आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि पुढे 'मिता' या वेठबिगारीखाली दरवर्षी सुमारे १३ हजार आदिवासींना तिथे जुंपलं गेलं. पण युरोप म्हणजे काही एकत्र कुटुंब नव्हतं. ज्याच्या हाती ही चांदी पहिल्यांदा पडली, त्या स्पेनचंच दिवाळं निघालं. लेखात हे कुठेच आलेलं नाही.

चांदीचा ताफा स्पेनच्या सेव्हिल बंदराला लागायचा. खाणीतल्या चांदीच्या पंचमांशावर हक्क राजाचा, बाकीचा माल खासगी व्यापाऱ्यांचा. राजाचा वाटा मात्र बहुतेकदा जहाजं पोहोचण्याआधीच इटलीतल्या जिनोआच्या सावकारांकडे गहाण पडलेला असे. तुर्कांशी लढाई, फ्रान्सशी लढाई आणि स्पेनच्याच ताब्यातल्या नेदरलँड्समधलं न मिटणारं बंड. पैसा पुरणार कसा? स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चार वेळा देणी थकवली. १५७५ नंतर बंड मोडायला फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) ठेवलेल्या स्पॅनिश फौजेचे आधीच रखडलेले पगार आणखी तुंबले, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात त्या उपाशी शिपायांनी अँटवर्प लुटलं. हजारो माणसं मारली गेली. आणि हे शहर परक्याचं नव्हे, फिलिपच्याच राज्यातली सर्वात मोठी व्यापारपेठ!

दुसरीकडे महागाई. सोळाव्या शतकात स्पेनमधले भाव साधारण चौपट झाले. लोकसंख्या वाढली हेही एक कारण होतं, पण सालामांका विद्यापीठात शिकवलेल्या मार्टिन दे अस्पिलकुएता या धर्मपंडिताने १५५६ मध्येच लिहून ठेवलं, की जिथे पैसा मुबलक तिथे माल आणि मजुरी महाग. स्पेनमधलंच कापड महाग पडू लागल्यावर मेरिनो मेंढ्यांची लोकर बाहेर जायची आणि तिचंच विणलेलं कापड चढ्या दराने परत यायचं. अमेरिकेशी व्यापार फक्त स्पॅनिश प्रजेने करायचा असा कायदा होता. प्रत्यक्षात माल फ्रेंच, डच आणि इंग्रजांचा. सेव्हिलचा व्यापारी नाव तेवढं वापरायला देऊन दलाली खायचा. (हा प्रकार आपल्याला नवा वाटू नये.) पुढे पोर्तुगालच्या ताब्यातल्या ब्राझीलच्या सोन्याचंही तेच झालं. पोर्तुगाल आणि इंग्लंडमधल्या १७०३ च्या मेथुएन व्यापारी करारानंतर त्यातलं बरंचसं इंग्रजी कापडापायी लिस्बनहून लंडनला गेलं.

ही चांदी तिथेही थांबली नाही. मसाले आणि सुती कापडाच्या बदल्यात डच आणि इंग्रज कंपन्यांनी ती पूर्वेला आणली. सुरतेच्या टांकसाळीत स्पॅनिश रियाल ही चांदीची नाणी वितळवून मुघली रुपये पाडले जात. १६६४ मध्ये महाराजांनी सुरतेतून जी चांदी आणली, तिच्यात पोटोसीची चांदी असण्याची दाट शक्यता आहे.

ब्रिटनचं प्रकरण वेगळं आहे. जमैका, बार्बाडोसची साखर आणि गुलामांचा व्यापार यांतून आलेला पैसा लिव्हरपूल, ब्रिस्टलसारख्या बंदरांत, विमा आणि पतपेढीच्या धंद्यात बराचसा टिकला, असं माझं मत आहे. लेखकांनी पुढच्या भागात तो हिशेब स्वतंत्र मांडावा, स्पेनच्या खात्यात मिसळू नये.

आपला,
एक वाचक, मिरज