जोतिबाच्या पायवाटेसाठी हात हवेत

चांगभलं!

माघ तोंडावर आला. केदारनाथाकडे परत निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई करवीरहून, म्हणजे कोल्हापुरातून, अनवाणी डोंगरावर गेली, म्हणून माघातल्या रविवारी जोतिबाला पायी जायचे हे खेटे, असं आपल्या घरातल्या आज्ज्या सांगत आल्या. खेट्यांच्या रविवारी पंचगंगेवर अंघोळ करून, शिवाजी पुलावरून वडणगे, निगवे, कुशिरे करत माणसं गायमुखाच्या वाटेला लागतात. ती वाट आता धड राहिलेली नाही.

जोतिबाचा हा वाडी रत्नागिरीचा डोंगर म्हणजे पन्हाळ्याच्या रांगेचाच एक भाग. एका अंगाला वारणेचं खोरं, दुसऱ्या अंगाला पंचगंगेचं. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 3100 फुटांवर, कोल्हापूर शहर 1800 च्या आसपास. खेट्याला निघालेला माणूस 1200 फुटांहून जास्त चढतो, तोही बहुतेक शेवटच्या टप्प्यात. काळा कातळ, त्यावर मुरूम आणि मुरमावर जेमतेम वीतभर माती. ती धरून ठेवतं ते गवत, करवंदीच्या जाळ्या आणि लावून जगवलेली झाडं. गाडीरस्त्याची काळजी घ्यायला यंत्रणा आहे. पायवाटेला आपणच.

माघापर्यंत कमरेएवढं गवत वाळून कोळ झालेलं असतं. कुणाची विडी पडते. कुणी मुद्दाम पेटवतं, कारण जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं ही जुनी समजूत. दोन वर्षांपूर्वी आम्ही सात जण ओल्या डहाळ्या घेऊन रात्री साडेदहापर्यंत वणवा झोडपत होतो. सकाळी वर जाऊन पाहिलं, तर तीन पावसाळे पाणी घालून जगवलेली जांभळं बुंध्यापासून करपली होती. हात लावला की साल सुटून येत होती. गिरिपुष्प पावसात पुन्हा फुटलं. जांभळं गेली ती गेलीच.

मग मृगाचा पाऊस त्या उघड्या उतारावर पडला. माती धुपून खाली आली आणि पाण्यानं पायवाटेचाच ओढा केला. वळणावरच्या आंब्याच्या मुळाखाली आता गुडघाभर घळ आहे. मागच्या खेट्याला तिथंच एका आजींचा पाय मुरगळला, चौघांनी त्यांना चादरीत घालून खाली आणलं. त्या मात्र सारख्या एवढंच म्हणत होत्या, "माझा खेटा अर्धा राहिला रे पोरांनो."

पायऱ्यांसाठी देणगी द्यायला अनेक जण पुढे येतात, त्यांचे मनापासून आभार. पण वरचा उतार जळत राहिला, तर कितीही पायऱ्या बसवल्या तरी पाणी त्या उखडणार. म्हणून आधी गवताचं काम. वनविभागाच्या परवानगीनं आणि वनरक्षकांच्या देखरेखीखाली वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापून जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायचा. कापलेला चारा पायथ्याच्या गावांतल्या जनावरांना फुकट. ज्याला हवा त्यानं भारा बांधून न्यावा. त्यानंतर पावसाआधी वळणांवर चर आणि अनगड दगडी बांध घालून पाणी वाटेबाहेर काढून द्यायचं. दगड तिथलेच वापरू.

सगळ्यात जास्त गरज माणसांची आहे. रविवारचे चार तास दिलेत तरी खूप. तालमीतली पोरं, कॉलेजचे ट्रेकर, सकाळी डोंगर चढायला येणारे, सगळे या. वस्तू द्यायच्या असतील तर विळे, फावडी, घमेली, जाड हातमोजे आणि पाठीवरचे फवारा पंप हवेत. कुणाचा ट्रॅक्टर आणि पाण्याची टाकी दर रविवारी मिळाली, तर रोपांचा उन्हाळा निघेल. रोख देणगी फक्त गवत कापणाऱ्या बायकांच्या मजुरीला आणि डिझेलला लागेल. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल, हिशोब दर महिन्याला चावडीवर लावू.

खेट्याला येणाऱ्या भाविकांनाही हात जोडून विनंती: वाटेत कापूर, उदबत्ती पेटवू नका, विडी-सिगारेट ओढू नका. कुणी गवत पेटवताना दिसलं तर भांडत बसू नका, लगेच वनरक्षकांना कळवा.

पहिलं श्रमदान येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, कुशिऱ्याकडून चढताना लागणाऱ्या पहिल्या वळणापाशी. पायात बूट घाला, घरी विळा असेल तर आणा. दुपारची झुणका-भाकरी आमच्याकडे.

— पायथ्याच्या गावांतले ग्रामस्थ आणि खेटेकरी