मुंब्र्याचा डोंगर आज कसा आहे?

ऑपरेटरकाकांना,
सा. न. वि. वि.

तुमचा फोन हे पत्र तुम्हाला नेहमीच्या भन्नाट वेगात वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. गाडीत तो तुमच्या कानाशी काय पुटपुटायचा ते आम्हा डोळसांना कधीच कळलं नाही. जिथे माझा गळा दाटून यायला हवा तिथेही तो तसाच पुढे पळेल. चालायचंच. समोर बसून सांगताना माझी जी पंचाईत झाली असती, ती तरी टळली.

आपली ओळख डोंबिवली स्लोच्या दिव्यांगांच्या डब्यातली. कॅन्सरच्या पेशंटलाही त्या डब्यातून जाता येतं, हे मला परळच्या टाटा हॉस्पिटलात शेजारच्या बाकावरच्या बाईंनी सांगितलं. तोवर मी लेडीजमध्ये चेंगरत होते. पण हातपाय धड असलेली बाई त्या डब्यात चढली की माना वळतात. डोक्याला स्कार्फ, हातात फाईल, तरी "मॅडम, हा डबा कुणाचा माहितीय ना?" हे ऐकावं लागलंच. विचारणाऱ्याचंही चुकत नव्हतं म्हणा, धडधाकट लोक तिथे सर्रास घुसतात. तेवढ्यात तुम्ही आत सरकून जागा केलीत आणि म्हणालात, "प्लास्टिकच्या फाईलचा आवाज येतोय. परळ ना? बसा."

त्या दिवसांत जो तो मला एकच सांगायचा, पॉझिटिव्ह राहा. नणंद, शेजारीण, ऑफिसातले, फोनवर फोन. लाल औषधाच्या केमोनं तोंडात फोड आलेले, वरणभातसुद्धा लोखंड चाटल्यासारखा लागायचा, पांढऱ्या पेशी घसरल्या म्हणून पुढची केमो लांबलेली, आणि वर हसतमुख राहायची ड्युटीही माझ्याच गळ्यात! एखाद्या दिवशी रडले तर औषध लागू पडणार नाही की काय, अशी नवीच धास्ती त्यातून बसली. तुम्ही असलं काही कधी बोलला नाहीत. तुम्ही विचारलंत, "दिवा स्टेशन गेलं. मुंब्र्याचा डोंगर आज कसा आहे?"

मी म्हटलं, "डोंगरासारखा." ते तुम्हाला चाललं नाही. "पंचविशीपर्यंत पाहिलंय मी सगळं. नीट सांगा."

मग मी बघायला लागले. मे महिन्यात वाळक्या गवताचा तपकिरी रंग आणि मधूनमधून वणव्याचे काळे पट्टे. जूनमध्ये नुसतं "हिरवा झालाय" म्हटलं, तर लगेच तुमचा प्रश्न, "कुठला हिरवा? पोपटी की शेवाळी?" त्यासाठी मला उठून दारापर्यंत जावं लागलं. कातळावर जेमतेम पोपटी लव आली होती. जुलैत पांढऱ्या धारा कोसळायला लागल्या. त्या मी मोजून सांगायचे आणि कळवा यायच्या आत तुम्ही शंका काढायचात, "गेल्या सोमवारी एक जास्त होती." दुसऱ्या बाजूला खाडी. भरती की ओहोटी, खारफुटीवर बगळे किती, सगळा हिशेब द्यावा लागायचा. रविवारी रात्री सुईची भीती असायचीच, पण उद्या काकांना काय सांगायचं हेही डोक्यात असायचं. उमेद म्हणून माझ्यापाशी तेव्हा एवढंच होतं, आणि तेवढं पुरलं.

बोटांचे आभार वेगळे मानायला हवेत. दर आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल ही पुढची केमो निम्म्याच्या पुढे गेली तशा बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, मग ती बधिर झाली. ब्लाउजचे हूक लागेनात. गप्पांच्या ओघात मी हे हसत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. ब्रेलवर आयुष्य काढलेल्या माणसाला बोटाच्या टोकाची किंमत कुणी सांगायला नको. तुम्ही माझा हात मागून घेतलात आणि तुमच्या पासाची कड एकेका बोटावर फिरवलीत. "इथे कळतंय? इथे?" अंगठा सोडला तर मला कड कळतच नव्हती. "आज डॉक्टरांसमोर बसलात की पहिलं वाक्य हेच. बाकीचं नंतर." ओपीडीतल्या त्या गर्दीत मी खरंच पहिलं वाक्य तेच बोलले. डॉक्टरांनी डोस कमी केला, आणि नसांचा असा त्रास लवकर सांगितलात ते बरं झालं, म्हणाले. आता हूक लागतात. सुईत दोरा मात्र अजून लेकच ओवून देते.

रेडिएशन रोजचं होतं. तेव्हा थकव्यानं मी खिडकीला डोकं टेकून गप्प असायचे, डोंगराची बातमीही चुकायची. त्यातल्या एका सकाळी तुम्ही मेहेरबाई टाटांचं सांगितलंत. १९३१ साली त्या ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, तेव्हा त्यावर फारसा इलाज नव्हता. मग त्यांचे पती सर दोराबजी यांच्या ट्रस्टनं १९४१ मध्ये परळला हॉस्पिटल सुरू केलं. "एवढ्या मोठ्या घरच्या बाईंना जे मिळालं नाही, ते तुम्ही स्लो गाडीनं जाऊन रोज घेऊन येता," असं म्हणून तुम्ही कानात इअरफोन घातलात. पुढे परळपर्यंत एक अक्षर नाही. बँकेत दिवसभर लोकांचे फोन जोडून देणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते बरोब्बर कळतं.

आता मी ऑफिसला जाते. आमच्या फास्टच्या गर्दीत डोंगर दिसत नाही. दर तीन महिन्यांच्या तपासणीला मात्र मुद्दाम स्लो पकडते, आणि प्लॅटफॉर्मवर आपल्या डब्याच्या जागी ते बीप-बीप ऐकू आलं की तुम्ही आलात का बघते.

जिभेची चव पुरती परत आली आहे. येत्या रविवारी वहिनींना घेऊन जेवायला या, डाळिंब्यांची उसळ करते. आमची लिफ्ट बंद आहे आणि दोन जिने चढायचे आहेत. वहिनींच्या गुडघ्यांना झेपणार नसेल तर तसं कळवा, सोमवारी माझी तपासणी आहेच. डबा गाडीतच आणून देईन.

आपली,
परळच्या बाई